चूर्णातलं शिसं मोजणारा दिवा

अश्वगंधा चूर्णात शिसं किती, सोमल (आर्सेनिक) किती, हे सांगणाऱ्या यंत्राच्या कुळात एक खुनाचा खटला आहे. १८३३ साली इंग्लंडमध्ये जॉन बोडल नावाच्या तरुणावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा आरोप आला. रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी तो सोमल पिवळ्या साक्याच्या रूपात वेगळा काढला खरा, पण ज्युरीपुढे येईपर्यंत साका बिघडला आणि आरोपी सुटला. हे मार्श यांच्या जिव्हारी लागलं. १८३६ मध्ये त्यांनी नवी चाचणी जाहीर केली: नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, निघेल तो वायू पेटवायचा, ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळसर, चकचकीत डाग उमटतो. आजही बऱ्याच प्रयोगशाळा आर्सेनिक मोजताना तोच वायू तयार करतात. बशीच्या जागी प्रकाशाचा झोत आला, एवढंच.

हा झोत कुळाच्या दुसऱ्या शाखेतला. १८१४ मध्ये जर्मनीत फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेघा नोंदवल्या. त्यांचा उलगडा १८५९ मध्ये हायडेलबर्गला झाला. किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की मूलद्रव्याची वाफ तापली की जो प्रकाश टाकते, तोच ती वाटेत आली तर गिळतेही. पुढच्याच वर्षी या जोडीने ड्युर्कहाइमच्या औषधी झऱ्याच्या पाण्यात सीझियम हे अनोळखी मूलद्रव्य शोधलं. म्हणजे ही विद्या पहिल्याच पावलाला औषधी पाण्याकडे वळली होती.  

मग जवळजवळ नव्वद वर्षं रसायनज्ञ ज्योतीतून बाहेर पडणारा प्रकाशच मोजत राहिले. गिळलेला प्रकाश मोजावा, हे १९५२ मध्ये मेलबर्नच्या अ‍ॅलन वॉल्श यांना सुचलं, तेही रविवारी बागेत काम करताना. त्यांनी लगेच सहकाऱ्याला फोन करून सांगितलं, आपण भलतीच गोष्ट मोजत आलोय. ज्योतीत शिरलेल्या अणूंपैकी फार थोडे चेततात, बाकीचे निवांत असतात. चमकणाऱ्यांवरून हिशेब करणं म्हणजे जत्रेत नाचणाऱ्यांवरून गावाची शिरगणती करणं. वॉल्श यांनी निवांत अणूच मोजायला घेतले. शिसं शोधायचं असेल तर शिशाचाच कॅथोड असलेला दिवा लावायचा, त्याचा प्रकाश ज्योतीतून पाठवायचा आणि किती कमी झाला ते पाहायचं. १९५५ मध्ये त्यांचा लेख आला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये आल्केमाडे आणि मिलाट्झ यांनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली. पण यंत्र बनवणाऱ्यांनी ती उचलायला काही वर्षं घेतली.

जडीबुटीच्या दारात ही तपासणी आली ती संशयामुळे. २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातल्या दुकानांमधल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची चाचणी छापून आली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. (तिथे दिवा नव्हता, क्ष-किरणांचं यंत्र होतं.) खूप ओरड झाली. १ जानेवारी २००६ पासून भारताने निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. मर्यादा ठरल्या: शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. निर्यातीच्या मालाला आधी आणि घरच्या गिऱ्हाइकाला मागून, हा क्रम मला आजही खटकतो.

१० पीपीएम म्हणजे अर्धा ग्रॅम चूर्णात ५ मायक्रोग्रॅम. इतकं कमी मोजायचं तर काचसामान, पाणी, आम्ल यांतलं शिसंही आड येतं. म्हणून प्रत्येक खेपेला चूर्ण न घालता एक कोरा नमुनाही चालवतात. चूर्ण नायट्रिक आम्लात, बंद भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये विरघळवतात. भांडं उघडं राहिलं तर पारा उडून जातो. पाऱ्याला ज्योतही लागत नाही, थंड वाफेतच तो मोजला जातो. आता मोठ्या प्रयोगशाळांत दिव्याची जागा प्लाझ्मा आणि वस्तुमान-वर्णपटमापी घेत आहेत. ती जोडणी १९८०ची, अमेरिकेतल्या आयोवाची. एकाच खेपेत ती कितीतरी मूलद्रव्यं मोजते.

भस्माचं काय? तिथे धातू मुद्दामच घातलेला असतो. रसशास्त्राच्या जुन्या कसोट्या वेगळंच विचारतात: भस्म पाण्यावर तरंगतं का (वारितर), बोटांच्या रेघांत शिरतं का (रेखापूर्ण), चमक गेली का (निश्चंद्र), गूळ, गुंज, तूप, मध, टंकण यांच्याबरोबर तापवून पुन्हा धातू होतो का (अपुनर्भव). या कसोट्या रूप तपासतात. म्हणून भस्म त्यांना उतरलं तरी पोटात किती धातू विरघळेल हे कळत नाही, आणि ‘कसोट्यांना उतरलं म्हणजे निर्धोक’ हा दावा मला पटत नाही. उलट यंत्राला रूप दिसत नाही: रससिंदूर या पारा-गंधकाच्या औषधातला पारा गंधकाशी बांधलेला असतो, पण यंत्रासाठी आम्लात विरघळला की तो नुसता पारा म्हणून मोजला जातो. रूप पाहायचं असेल तर नमुना आम्लात घालण्याआधी, कोरडा असतानाच क्ष-किरण विवर्तनाखाली धरावा लागतो.