गळ्याची आग (वस्तऱ्याच्या दाढीतील)

वस्तऱ्याने दाढी केल्यावर जबड्याच्या कडेखाली, कंठमण्याभोवती आणि हासळीच्या वरच्या भागात कातडीवर येणारी लाली, आग, खाज किंवा पुरळ. एकाच नावाने सांगितल्या जाणाऱ्या या तक्रारीत तीन वेगळे प्रकार असतात. दाढी होताच किंवा तासाभरात होणारी आग हा पहिला. पात्याने कातडीचा वरचा थर खरवडला गेल्याने ती होते आणि बहुधा दोन दिवसांत शमते. दुसरा प्रकार म्हणजे एक-दोन दिवसांनी उठणाऱ्या बारीक, दुखऱ्या पुटकुळ्या. कापलेला केस वाढताना पुन्हा कातडीत घुसल्याने त्या येतात. तिसरा, केसांच्या मुळाशी होणारा जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग. तक्रार दाढीनंतर किती वेळाने सुरू झाली एवढे नीट पाहिले तरी आपला प्रकार कोणता ते बहुतेक वेळा उमगते. दाढीनंतर काय लावावे, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. परंतु गळा बिघडतो तो दाढी चालू असतानाच, म्हणून या नोंदीत भर त्या भागावर दिला आहे.

गळाच का? वस्तरा तोच, साबण तोच, हातही तोच. तरी गाल स्वच्छ राहतो आणि गळा लाल होतो. गालाच्या कातडीला खालून हाडांचा आणि दातांचा आधार असतो. गळ्याखाली स्नायू, श्वासनळी आणि गिळताना वरखाली होणारा कंठमणी. कातडी पातळ आणि सैल असल्याने पाते पुढे सरकताच तिची वळी पडते, आणि त्या वळीवर धार रुतते.

याहून मोठे कारण केसांच्या दिशेत आहे. गालावरचे केस साधारणपणे वरून खाली वाढतात. गळ्यावर असा नियम नाही. पुष्कळांच्या गळ्याच्या तळाशी केस खालून वर वाढतात, जबड्याच्या कोपऱ्याखाली ते आडवे मानेकडे वळतात, आणि काहींना एका बाजूला चक्क भोवरा असतो. शिवाय इथला केस उभा न येता कातडीला लागून, जवळजवळ आडवा निघतो. गालावर वरून खाली मारलेला हात सुलट असतो. तोच हात तसाच ओढत गळ्याच्या तळापर्यंत नेला की तो उलट होतो. माणसाला मात्र आपण सुलटीच दाढी केली असे वाटत राहते. गळा वर्षानुवर्षे लाल होणाऱ्या अनेकांची अडचण एवढीच असते, आणि ती कोणत्याही लोशनने सुटत नाही.

दिशा ओळखणे सोपे आहे. दोन दिवस दाढी वाढू द्यावी आणि कोरड्या गळ्यावरून बोटांची टोके खाली, वर, डावीकडे, उजवीकडे अशी फिरवावीत. बोट अलगद सरकते ती सुलट दिशा, खरखरते ती उलट. बोटाला नीट कळले नाही तर कापसाचा बोळा फिरवावा. उलट दिशेला त्याचे तंतू खुंटांत अडकून राहतात. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्रपणे तपासावी, कारण दोन्हींकडची वाढ क्वचितच सारखी असते. कागदावर गळ्याचा ढोबळ आकार काढून त्यावर बाण मारून ठेवले आणि तो कागद काही दिवस आरशाशेजारी लावला, तर हाताला नवी सवय लवकर लागते.

केस आत कसा जातो? कुरळा केस तिरका कापला गेला की त्याला टोक येते. वाढताना तो वळतो आणि शेजारच्या कातडीत शिरतो. दुसरी वाट अधिक फसवी आहे. कातडी फार ताणून केस अगदी मुळाशी कापला, की ताण सुटताच तो पृष्ठभागाच्या खाली जातो आणि बाहेर येण्याआधीच केसनलिकेची भिंत भेदून आत वाढू लागतो. शरीर त्याला परकी वस्तू समजते आणि तिथे सूज, पू, काळपट डाग असे सगळे ओघाने येते. घट्ट कुरळ्या केसांच्या पुरुषांत हा त्रास विशेष आढळतो. अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांमध्ये तो इतका सर्रास आहे की रोज गुळगुळीत दाढी करण्याच्या नियमातून वैद्यकीय सवलत द्यावी लागत आली आहे. केराटिन ७५ या प्रथिनाच्या जनुकातील एका बदलाशी त्याचा संबंध असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. डोक्याचे केस सरळ असले तरी गळ्याचे केस कुरळे असू शकतात. त्यामुळे आपल्याकडचे पुरुष यातून सुटलेले नाहीत.

उघड्या वस्तऱ्याच्या बाबतीत इथे एक पेच आहे. कातडी ताणली नाही तर पाते कापेल. फार ताणली तर केस आत जाईल. मोकळ्या हाताच्या ओल्या बोटांनी, हात चालवायच्या दिशेच्या विरुद्ध, वळी मोडेल इतपतच कातडी ओढून धरणे हा मध्यम मार्ग. बोट साबणावरून घसरत असेल तर त्याला थोडी तुरटी लावावी, पकड येते. कंठमण्यावर थेट पाते चालवू नये. तिथली कातडी बाजूला ओढून सपाट जागेवर आणावी आणि मग कापावे, किंवा आवंढा गिळून तो क्षणभर वर असताना एक छोटा हात मारावा.

दाढीपूर्वी. कोरडा दाढीचा केस चिवट असतो. भिजल्यावर तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. यासाठी निदान दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याचा संपर्क हवा. तोंडावर एक हबका मारून भागत नाही. आंघोळीनंतर लगेच दाढी करणे सर्वांत सोयीचे. फेस ब्रशने गोलाकार घासून गळ्यावरही तेवढाच वेळ करावा. बहुतेक जण गालावर भरपूर फेस करतात आणि गळ्याला उरलेला थापतात. तोपर्यंत गालाची दाढी होते आणि गळ्यावरचा फेस वाळून गेलेला असतो. वाळलेल्या फेसावर पाते चालवणे म्हणजे कोरडी दाढी करणेच होय. बोअरचे पाणी जड असते अशा ठिकाणी साबणाचा फेस फुटतो आणि टिकत नाही; तिथे दाढीपुरते उकळून गार केलेले किंवा गाळणयंत्रातले पाणी वापरल्यास फरक पडू शकतो.

धार. बोथट पाते केस कापण्याऐवजी ओढते, आणि ओढणारे पाते माणूस नकळत दाबून धरतो. यातून होणारी आग पुष्कळदा ‘माझी कातडीच नाजूक’ या समजुतीखाली झाकली जाते. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही केसच धार का मारतो, याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दिले. केस पात्याला तिरका लागला आणि धारेच्या पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसली, की धारेचे सूक्ष्म टवके उडतात. अशी तुटकी धार डोळ्याला दिसत नाही, गळ्याला मात्र जाणवते.

म्हणून प्रत्येक दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजावा. पट्टा ताठ धरावा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या असाव्यात, पाठ पुढे आणि धार मागे अशी चाल असावी. वळवताना वस्तरा पाठीवरून उलटावा. धारेवरून उलटला तर चामडेही कापते आणि धारही जाते. चामड्यावर तीस ते साठ फेऱ्या पुरतात. परजण्याने धार सरळ होते, नवी होत नाही. पट्ट्याने काम भागेनासे झाले की बारीक दगडावर धार लावावी लागते. दगडावरून ताज्या आलेल्या धारेला कधी कधी सूक्ष्म कुसर राहते आणि ती पहिल्या दाढीला झोंबते. लटकत्या केसाला धार नुसती टेकवली असता तो तुटला तर वस्तरा गळ्यावर न्यायला हरकत नाही. कार्बन पोलादाचा वस्तरा कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ओला राहिला की धारेवर गंजाचे ठिपके धरतात, आणि असा ठिपका म्हणजे करवतीचा दात. पुसून, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात देऊन ठेवावा आणि वापरण्यापूर्वी तेल पुसून काढावे.

हात. पाते कातडीशी साधारण ३० अंशांत धरतात. गळ्यावर ते आणखी थोडे निजते ठेवावे. कोन वाढला की खरवड सुरू होते. जोर द्यायचाच नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. गालावर लांब हात चालतो, गळ्यावर दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्यानंतर पाते स्वच्छ करावे. फेस निघून गेलेल्या जागेवरून पुन्हा हात फिरवणे ही सर्वांत वाईट खोड आहे. राहिलेले चार केस काढण्याच्या नादात कातडीचा थर निघतो. दुसरा हात मारायचा असेल तर पुन्हा फेस करावा, आणि तो आडवा असावा. उलटा हात गळ्यावर मारूच नये, असे या नोंदकर्त्याचे स्पष्ट मत आहे. त्याने मिळणारा गुळगुळीतपणा संध्याकाळपर्यंत टिकतो आणि पुटकुळ्या आठवडाभर. नवशिक्याने गोल टोकाचा वस्तरा घ्यावा. चौकोनी टोक जबड्याखालच्या खळग्यात हमखास टोचते. सुरुवातीचे काही आठवडे वस्तरा फक्त गालांवर चालवून गळ्यासाठी नेहमीचा रेझर वापरण्यात काहीच कमीपणा नाही.

स्वतःची दाढी वस्तऱ्याने स्वतः करण्याची कला शिकवणारे पुस्तक पॅरिसच्या झां-झाक पेरे या पात्यांच्या कारागिराने अठराव्या शतकातच लिहिले होते. पुढे किंग जिलेटच्या सुरक्षित रेझरला १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि उघडा वस्तरा घरांतून हळूहळू न्हाव्याच्या धोकटीपुरता उरला. अलीकडे हौसेने तो पुन्हा घरी आणणारे वाढले आहेत.

सलूनमध्ये. आपल्याकडे आज बहुतेक सलूनमध्ये दिसतो तो बदलत्या पात्याचा वस्तरा. ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग त्यात बसवतात. हेपॅटायटिस बी आणि सी, तसेच एचआयव्ही यांचा रक्तातून होणारा प्रसार लक्षात घेता हा बदल अत्यंत आवश्यक होता, आणि नवे ब्लेड आपल्यासमोर उघडले जाते आहे ना हे प्रत्येक गिऱ्हाइकाने पाहावे. तरी गळ्याच्या दृष्टीने हे पाते अधिक कडक वागते. ते हलके असते, धार अति तीक्ष्ण असते आणि चुकलेला कोन ते जराही सांभाळून घेत नाही.

खुर्चीत डोके मागे टेकवले की गळ्याची कातडी आधीच ताणली जाते. वर कारागीर अंगठ्याने ती आणखी ओढतो. सुलटी झाल्यावर ‘उलटी मारू का?’ असे विचारले जाते आणि गिऱ्हाईक मान हलवते. पुटकुळ्यांचा त्रास असणाऱ्याने याच क्षणी ‘गालावर मारा, गळ्यावर नको’ असे सांगावे, आणि डोके थोडे पुढे घेऊन बसावे. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. आपला गळा कसा वाढतो हे त्याला एकदा दाखवले की तो पुढच्या वेळी न सांगता लक्षात ठेवतो.

दाढीनंतर. गार पाण्याने फेस पूर्ण धुवावा आणि गळा टिपून घ्यावा, पुसू नये. तुरटी, म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, बारीक रक्तस्राव थांबवते. तिचा आणखी एक उपयोग फारसा सांगितला जात नाही: तुरटी फिरवल्यावर जिथे झोंबते तिथे आपला हात जड पडलेला असतो. पुढच्या दाढीला सावध कुठे राहायचे ते तिथेच कळते. अर्ध्या मिनिटाने ती धुऊन टाकावी, नाहीतर कातडी कोरडी पडते. सलूनमधला तुरटीचा खडा अनेकांच्या गळ्यावरून फिरत असतो. आपला स्वतःचा न्यावा. भरपूर अल्कोहोलचे सुगंधी लोशन खरवडलेल्या कातडीवर ओतू नये. बिनवासाचा साधा मॉइश्चरायझर पुरेसा आहे. त्या दिवशी घट्ट, खरखरीत कॉलर टाळावी.

आत वळलेला केस नखाने कोरून काढू नये. कोमट ओल्या कपड्याने शेकावे; केसाचा फास वर दिसत असेल तर निर्जंतुक सुईने तो फक्त सोडवावा, उपटू नये. उपटलेला केस पुन्हा वाढताना पुन्हा आतच जाऊ शकतो.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली ‘खाजेची मलमे’ ही भारतातली मोठी समस्या आहे. त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टेरॉईड असते. त्याने लाली झटकन उतरते, पण तक्रार बुरशीची असेल तर ती आतून पसरत राहते आणि पुढे निदान करणेही अवघड होते. गोलाकार पसरणारे चट्टे, पू, ताप, दोन आठवडे न हटणाऱ्या पुटकुळ्या किंवा जाड होत जाणारे व्रण दिसले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि जखमेवर जाड व्रण येण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी तर वाट पाहूच नये.

पुटकुळ्या भरलेल्या गळ्यावर दाढी करणे थांबवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तीन-चार आठवडे केस वाढू दिले की आत अडकलेले बहुतेक केस आपोआप सुटतात. एवढे सारे पाळूनही त्रास परत येत असेल तर गळ्यासाठी वस्तरा कायमचा बाजूला ठेवावा आणि ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखावेत. गळा अगदी गुळगुळीत असण्याची आरोग्याला काही गरज नसते.