राजाचा पुतळा आणि बेचाळीस हजार गोळ्या

१७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या हातीं वसई आली, तेव्हां तेथील ख्रिस्ती देवळांतल्या घंटा मराठी मुलुखांत आल्या. वाईजवळ मेणवलीस आणि भीमाशंकरास अशा घंटा आजही टांगलेल्या आहेत. देव बदलला, देऊळ बदललें. पण घंटा ती घंटाच राहिली. शिशाची जात मात्र निराळी. तें घरच्या चुलीच्या आंचेवरही वितळतें, ज्या साच्यांत ओतावें त्याचा आकार घेतें, आणि पुन्हां वितळविलें कीं पहिल्या आकाराची खूणही उरूं देत नाहीं. आज जो छपरावरचा पत्रा आहे तो उद्यां बंदुकीची गोळी होऊं शकतो. आणि झाडलेली गोळी वेंचून आणली तर तिचीही पुन्हां गोळी होते. जुन्या शिशाच्या अशा पुनर्जन्माची एक कथा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत घडली. तींत एक राजा वितळला, आणि त्या शिशाचा हिशेब एकेका गोळीपर्यंत लिहून ठेवला गेला.

या कथेचा आरंभ कृतज्ञतेंत आहे. १७६५ सालीं इंग्रजी पार्लमेंटनें अमेरिकेंतील वसाहतींवर स्टांपाचा कर बसविला. त्यावर तेथें मोठा क्षोभ झाला, आणि पुढच्याच वर्षीं तो कर रद्द करावा लागला. त्या आनंदांत न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें तिसऱ्या जॉर्ज राजाचा पुतळा उभारण्याचें ठरविलें. लंडनचा शिल्पकार जोसेफ विल्टन यानें तो घडविला : अश्वारूढ, रोमन सम्राटाच्या वेषांत, शिशाचा, आणि वरून सोन्याचा मुलामा दिलेला. जहाजांतून अटलांटिक ओलांडून तो न्यूयॉर्कास आला, आणि १६ ऑगस्ट १७७० रोजीं बोलिंग ग्रीन या मैदानांत त्याची प्रतिष्ठापना झाली. ही भक्ति सहा वर्षेंही टिकली नाहीं.

वैर वाढूं लागलें तसें १७७४ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडच्या राजानें वसाहतींकडे हत्यारें व दारूगोळा पाठविण्यास बंदी केली. दारू आणि शिसें या दोहोंसाठीं वसाहती बव्हंशीं परदेशावर अवलंबून होत्या. आणि गोळीवांचून बंदूक म्हणजे नुसती काठी. तेव्हां खाणींतून मिळेना तें शिसें घरांतून काढण्याची पाळी आली. त्या काळीं तिकडील घरांत खालींवर सरकणाऱ्या खिडक्या असत, आणि त्यांचा तोल राखण्यासाठीं चौकटींत शिशाचीं वजनें दडविलेलीं असत. १७७६ सालीं न्यूयॉर्कांत घरोघर जाऊन हीं वजनें काढून घेण्यांत आलीं. कोणाच्या घरून किती शिसें घेतलें याची टिपणें ठेवण्यांत आलीं, कारण त्याचा मोबदला मालकाला द्यावयाचा होता. बंड करणाऱ्या सरकारानेंही लोकांचें शिसें फुकट घेऊं नये, ही जाणीव त्या टिपणांत दिसते.

९ जुलै १७७६ रोजीं न्यूयॉर्कांत वॉशिंग्टनच्या सैन्यासमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचण्यांत आला. त्याच रात्रीं सैनिक आणि नागरिक यांच्या जमावानें दोर लावून राजाचा पुतळा खालीं ओढला. दुसऱ्या दिवशीं वॉशिंग्टननें आपल्या हुकुमांत, हेतु चांगला असला तरी ही बेशिस्त वर्तणूक सैन्याला शोभत नाहीं, अशा अर्थाची समज दिली. पण पडलेलें शिसें टाकून देण्याचें कोणाच्याच मनांत आलें नाहीं. पुतळ्याचें वजन चार हजार रतल सांगतात.

तें शिसें न्यूयॉर्कांत ठेवणें धोक्याचें होतें, कारण इंग्रजी सैन्य समोरच्या स्टॅटन बेटावर उतरलेलें होतें. म्हणून तुकडे जहाजानें कनेक्टिकटच्या नॉर्वॉक बंदरास नेले, आणि तेथून बैलगाड्यांनीं डोंगराळ भागांतल्या लिचफील्ड गांवीं. तेथें जनरल ऑलिव्हर वुलकॉट यांचें घर होतें. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीं ते एक होत.

यापुढचें काम स्त्रियांचें आणि मुलांचें. शिसें वितळवावयाचें, वर आलेली मळी काढून टाकावयाची, लोखंडी पळीनें साच्यांत ओतावयाचें, निवाल्यावर गोळीला राहिलेलें शेपूट कापावयाचें, आणि मग दारूसह कागदांत गुंडाळून काडतूस बांधावयाचें. वुलकॉट यांच्या कागदांत या कामाचा हिशेब मिळाला. मार्विनबाईंनीं ६,०५८ काडतुसें केलीं. रूथ मार्विन हिनें ११,५९२. वुलकॉट यांच्या मुलींपैकीं लॉरानें ८,३७८ आणि मेरी अ‍ॅननें १०,७९०. बीचबाईंचीं १,८०२, आणि इतर किरकोळ मंडळींचीं २,१८२. फ्रेडरिक हा घरांतला मुलगा जेमतेम आठनऊ वर्षांचा; त्याच्या नांवावरही ९३६ आहेत. गांवच्या शिबंदीला दिलेलीं ५० आणि एका पलटणीला दिलेलीं ३०० धरून एकूण बेरीज ४२,०८८. शिसें मुलांच्या शरीराला किती घातक आहे हें आज कोणीही डॉक्टर सांगेल. त्या पोरांच्या हातून मात्र दिवसेंदिवस तेंच काम घेतलें गेलें.

बंदुकीच्या तोंडाप्रमाणें एका रतलांत पंधरा ते वीस गोळ्या होत. त्या मानानें या गोळ्यांना दोन हजार ते अठ्ठावीसशें रतल शिसें लागलें असेल. मग उरलेला राजा कोठें गेला? कांहीं भाग राजनिष्ठांनीं वाटेंत लांबविला. १८७१ सालीं कनेक्टिकटमधील एका दलदलीच्या जागीं घोड्याच्या शेपटाचा तुकडा सांपडला. राजाचें शिर बंडखोरांना खांबावर लावावयाचें होतें. पण एका इंग्रज अधिकाऱ्यानें तें हस्तगत करून इंग्लंडला पाठविलें. ज्या संगमरवरी शिळेवर घोडा उभा होता ती १७८३ सालीं एका इंग्रज मेजराच्या थडग्यावर बसविण्यांत आली.

बेचाळीस हजार गोळ्यांनीं युद्ध जिंकलें, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या प्रजेनें कृतज्ञतेनें हा पुतळा उभारला, तिच्याच बायकामुलांनीं त्याच्या गोळ्या ओतल्या. लोकांचें मन सहा वर्षांत किती पालटलें, याचा इतका रोखठोक पुरावा क्वचितच मिळतो. कारण येथें तो वक्त्यांच्या भाषणांत नसून, कोणीं किती काडतुसें केलीं याच्या टिपणांत आहे. शिसें स्वतः कांहीं लक्षांत ठेवीत नाहीं. माणसें हिशेब ठेवतात, म्हणून तें कोणाचें होतें आणि कोणाच्या हातून गेलें हें कळतें.