नेताजींच्या बर्लिनमधला सरदारपुत्र

नेताजी सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले, हे आपण शाळेत शिकतो. काबूलहून मॉस्कोमार्गे केलेला तो प्रवास आपल्याला तोंडपाठ असतो. पण बर्लिनमध्ये त्यांचे काम ज्या सरकारी टेबलावरून हलत होते, त्या टेबलामागे कोण बसले होते? जर्मन परराष्ट्र खात्यात भारतासाठी एक खास विभाग उघडला गेला होता. त्याचे काम पाहणारे अधिकारी होते आडाम फॉन ट्रॉट त्सू झोल्त्स. वय अवघे एकतीस-बत्तीस. सहा फुटांहून उंच, अस्खलित इंग्रजी बोलणारे. आणि मनातून हिटलरचे शत्रू.

ट्रॉट हे हेस प्रांतातले जुने सरदार घराणे. इम्सहाउझेन या खेड्यात त्यांचा वाडा आणि भोवती रान. आडामचा जन्म १९०९ चा, पॉट्सडॅमचा. त्याच वर्षी वडील प्रशियाचे शिक्षणमंत्री झाले. आईचे वडील जनरल फॉन श्वाइनित्स हे व्हिएन्ना आणि सेंट पीटर्सबर्गला जर्मनीचे राजदूत होते, म्हणजे मुत्सद्देगिरी आजोळची. आजी तर अमेरिकन! अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांच्या वंशातली. अशा घरातला मुलगा ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात गेला, यात नवल नाही.

तो तिथे असतानाच, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. मित्र म्हणाले, परत जाऊ नकोस. तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या हातून एक चूक झाली. 'मँचेस्टर गार्डियन'ला पत्र लिहून त्याने सांगितले की, हेसच्या न्यायालयांत ज्यूंवर अन्याय होताना आपण पाहिलेला नाही. देशाची बाजू मांडण्याच्या भरात लिहिलेले हे पत्र त्याला आयुष्यभर भोवले. ऑक्सफर्डच्या काही मित्रांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. १९३९ मध्ये तो लंडनला पंतप्रधान चेंबरलेन यांना भेटला, नंतर अमेरिकेत गेला. पण हा विरोधक की हेर, ही शंका दोन्हीकडे त्याच्या पाठीस लागली. अमेरिकेत राहता आले असते. १९४० मध्ये तो सैबेरियाच्या वाटेने घरी परतला.

त्याच वर्षी हँबुर्गच्या क्लारिटाशी लग्न झाले, परराष्ट्र खात्यात नोकरी लागली आणि त्याने नाझी पक्षाचे सदस्यत्वही घेतले. आत राहूनच काही करता येईल, हा त्याचा हिशेब. तो पटो न पटो, त्यापायी त्याने जीव पणाला लावला हे खरे.

भारत विभाग हा या हिशेबाचा भाग होता. तिथे भरवशाचे सहकारी ठेवता येत, परदेश प्रवासाला निमित्त मिळे. स्वित्झर्लंड, स्वीडनमधून तो ब्रिटिशांकडे निरोप धाडत राहिला. उत्तर आले नाही. गंमत अशी, की बोस ब्रिटिशांशी लढण्यासाठी जर्मनीची मदत मागत होते आणि त्यांची व्यवस्था पाहणारा माणूस जर्मन राजवट उलथण्यासाठी ब्रिटिशांची. दोघांत सौजन्य होते, जवळीक फारशी झाली नाही. कटाची गोष्ट बोसांशी बोलण्यासारखी नव्हतीच. फेब्रुवारी १९४३ मध्ये बोस पाणबुडीने पूर्वेकडे निघाले.

२० जुलै १९४४ रोजी कर्नल श्टाउफेनबर्ग यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला, हिटलर वाचला. पाच दिवसांनी ट्रॉट यांना अटक झाली. १५ ऑगस्टला खटला उभा राहिला. आरोपींवर खेकसणारे न्यायाधीश फ्राइस्लर यांच्या त्या न्यायालयात निकाल आधीच ठरलेला असे. क्लारिटा न्यायालयाच्या इमारतीपर्यंत पोहोचली. नवऱ्याची भेट काही झाली नाही. २६ ऑगस्टला प्लोट्सेनझेच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. वय पस्तीस.

हिटलरच्या राजवटीत शिक्षा एकट्या माणसाला नसे, कुटुंबालाही असे. खटल्यानंतर दोनच दिवसांत क्लारिटाला तुरुंगात टाकले. थोरली व्हेरेना दोन वर्षांची, धाकटी वर्षाचीही नव्हती. दोघींना हार्त्स डोंगरातल्या बाड झाक्सा इथल्या बालगृहात नेले. कटवाल्यांची चाळीसहून अधिक मुले तिथे होती आणि त्यांची आडनावे बदलून टाकली होती. बाप कोण होता हे मुलांनी विसरावे, असा बेत. त्या शरद ऋतूत क्लारिटा सुटली आणि मुली तिला परत मिळाल्या. सगळ्यांच्याच नशिबी हे इतक्या लवकर नव्हते.

युद्धानंतरही कित्येक वर्षे या कटवाल्यांना फितूर म्हणणारे लोक जर्मनीत होतेच. क्लारिटा मात्र वैद्यक शिकली, मनोविकारतज्ज्ञ झाली, नवऱ्याची पत्रे आणि मित्रांच्या आठवणी गोळा करत राहिली. त्यातून तिने त्यांचे चरित्र लिहिले. २०१३ मध्ये ती गेली तेव्हा पंचाण्णव वर्षांची होती. आडामचे थडगे कुठेच नाही. इम्सहाउझेनच्या टेकडीवर, रानाच्या कडेला, एक उंच लाकडी क्रूस उभा आहे.