डिफरन्शियल आणि त्याचा अवरोध : चतुश्चक्रचालित वाहनांच्या इतिहासातील एक प्रश्न

ज्या वाहनाच्या चारही चाकांना एंजिनाची शक्ती मिळते, ते वाहन चिखलात अडकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्ष अनुभव निराळा आहे. ओढ्याकाठच्या उतारावर असे वाहन उभे असावे, त्याचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक गरगर फिरत असावे आणि घट्ट जमिनीवर टेकलेली उरलेली दोन चाके मात्र निश्चल असावीत, हे दृश्य दुर्मीळ नाही. एंजिनात शक्ती आहे, दोन चाकांखाली पकडही आहे, तरीही वाहन पुढे सरकत नाही. ह्या विसंगतीचे मूळ डिफरन्शियल ह्या दंतचक्रसंचात आहे. आणि तिच्यावर शोधलेल्या उपायांचा इतिहास यंत्राइतकाच रस्त्याचाही इतिहास आहे.

डिफरन्शियलची आवश्यकता प्रथम लक्षात घेतली पाहिजे. बैलगाडीला त्याची गरज कधीच पडली नाही. तिची दोन्ही चाके स्थिर आसाभोवती स्वतंत्रपणे फिरतात आणि गाडी ओढण्याचे काम बैल करतात. चाकाकडे केवळ भार वाहण्याचे काम असते. चाकानेच गाडी ढकलावी असे ठरताच अडचण उभी राहिली. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर सुमारे १.२३ मीटर असेल, तर वाहनाने एक पूर्ण वर्तुळ घेताना हा फरक सुमारे ७.७ मीटर भरतो. वर्तुळ लहान असो वा मोठे, फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच आसावर पक्की बसविली, तर त्यांपैकी एकाला तरी रस्त्यावर घासत जावे लागणार.

ह्या अडचणीवर फ्रान्समधील घड्याळजी ओनेझिफोर पेक्यर ह्याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. १८३२ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड रॉबर्ट्‌स ह्याने अशाच रचनेचे पेटंट मिळविले आणि तिला भरपाईचे दंतचक्र असे अर्थपूर्ण नाव दिले. १८७७ मध्ये कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली ह्याने ती तीनचाकी सायकलीत आणली. कार्ल बेंझ ह्याच्या १८८६ च्या पेटंटमधील मोटारगाडीतही डिफरन्शियल होते. अर्थात मोटारगाडी जन्माला आली तेव्हा हा भाग सिद्धच होता.

परंतु ही भरपाई विनामूल्य नव्हती. डिफरन्शियल चाकांना भिन्न वेगाने फिरू देते खरे. पण दोन्ही चाकांना पीळ मात्र समान देते. हे समत्व कोरड्या सडकेवर गुण ठरते आणि चिखलात दोष. समजा, एका आसाचे एक चाक निसरड्या मातीवर असून तेथे १०० किलोंपेक्षा अधिक जोर टिकत नाही, आणि दुसरे चाक घट्ट जमिनीवर असून तेथे ४०० किलो जोर टिकू शकतो. साध्या डिफरन्शियलने दुबळ्या चाकाला १०० किलो मिळतील आणि सबळ चाकालाही १०० किलोच. एकूण जोर २००. डिफरन्शियल अडवून दोन्ही चाके एकत्र बांधली, तर हाच जोर ५०० किलोंपर्यंत जाईल. एक चाक अधांतरी असेल, तर पहिल्या रचनेत एकूण जोर जवळजवळ शून्य होईल. सारांश, दोन्ही चाकांखालची जमीन सारखीच आहे, हे डिफरन्शियलचे अनुक्त गृहीत आहे.

हे गृहीत खोटे ठरते, ही गोष्ट फार उशिरा ध्यानात आली आणि मग अवरोधाचा शोध लागला, अशी मांडणी पुष्कळदा केली जाते. ती ग्राह्य धरता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या अनेक कर्षण-एंजिनांत डिफरन्शियल जखडण्यासाठी लोखंडी खुंटी असे. शेतात चाक रुतले की चालक खाली उतरून खुंटी बसवी आणि सडकेवर येताच ती काढून घेई. म्हणजे डिफरन्शियल आणि त्याचा अवरोध ही जवळजवळ समकालीन जोडी होती. पुढे मोटारगाडी शहरातील बांधीव रस्त्यांवर वाढली; तेथे खुंटीचे प्रयोजन उरले नाही आणि ती मागे पडली. उपाय अज्ञात होता असे नव्हे. ज्या जमिनीसाठी तो होता ती जमीन मोटारीच्या दृष्टीआड झाली होती.

चारही चाके चालविण्याची कल्पना ह्याच कर्षण-एंजिनांच्या परंपरेतून आली. ब्रामा जोसेफ डिप्लॉक ह्याने १८९३ मध्ये पेटंट घेतलेल्या वाफेच्या एंजिनात चार चालक चाके आणि तीन डिफरन्शियले होती. १९०३ मध्ये हॉलंडमधील स्पायकर बंधूंची चतुश्चक्रचालित मोटार झाली. १९०८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील क्लिंटनव्हिल येथे ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिच ह्यांनी आपली गाडी सिद्ध केली. पहिल्या महायुद्धात ह्या जातीच्या मालमोटारींना मोठी मागणी आली.

१९४१ पासून मोठ्या प्रमाणावर निघालेल्या जीपची रचना ह्या संदर्भात उद्बोधक आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये मधले डिफरन्शियल नव्हते. ट्रान्सफर केसची दांडी ओढली की दोन्ही आस एकमेकांशी पक्के जोडले जात. त्यामुळे मागचे एक चाक घसरले तरी पुढचा आस गाडी ओढीत राही. परंतु प्रत्येक आसातील डिफरन्शियल साधेच होते. म्हणून कर्णरेषेतील दोन चाके निकामी झाली की जीपही थांबे. शिवाय वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या कंसातून जातात. कठीण सडकेवर ही जोडणी चालू ठेवल्यास दांड्यांत ताण साठे आणि टायर झिजत. युद्धोत्तर काळात मुंबईत महिंद्र कंपनीने जुळणी केलेल्या जीपगाड्यांबरोबर ही मर्यादाही महाराष्ट्राच्या कच्च्या वाटांवर आली.

खुंटीची परंपरा पुन्हा जिवंत झाली ती शेतातच. जर्मनीत आल्बेर्ट फ्रीड्रिख ह्याच्या कल्पनेतून साकारलेल्या आणि १९४८ पासून विक्रीस आलेल्या युनिमोगच्या दोन चाकांमधील अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांच्या मापाने १२७० मिलिमीटर ठेवले होते, आणि पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना अवरोध होता. १९५९ चे ऑस्ट्रियन हाफ्लिंगर आणि १९७९ ची मर्सिडीजची जी-वर्गीय गाडी ह्यांनी तीच वाट धरली. काळ्या जमिनीत नांगरट करणारा शेतकरी ट्रॅक्टरचे डिफरन्शियल जखडण्यासाठी जो पायटा दाबतो, तो त्याच खुंटीचा वंशज होय.

सडकेच्या बाजूने मात्र मध्यम मार्गाचा शोध चालू होता. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीचे एक मागचे चाक वेगातही गरगरे, म्हणून १९३५ मध्ये फेर्डिनांड पोर्श ह्याने झेडएफ कंपनीकडून सरक मर्यादित करणारे डिफरन्शियल करविले. १९५६ मध्ये पॅकार्डने तसलेच डिफरन्शियल प्रवासी मोटारींत दिले, आणि १९५८ मध्ये व्हर्नन ग्लीझमन ह्याला पुढे टॉर्सन नावाने प्रसिद्ध झालेल्या रचनेचे पेटंट मिळाले. टॉर्सन दुबळ्या चाकाच्या पकडीच्या काही पट जोर सबळ चाकाला देते. पण चाक पूर्ण अधांतरी झाले की शून्याची कितीही पट शून्यच राहते. १९७० च्या रेंज रोव्हरने मधले डिफरन्शियल घालून चारही चाके सडकेवरही सतत चालती ठेवली. तथापि त्या डिफरन्शियललाही अवरोध द्यावाच लागला.

१९९७ च्या मर्सिडीज एम-वर्गीय गाडीत अवरोधाऐवजी गरगरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावण्याची विद्युत्‌नियंत्रित व्यवस्था आली. हा कृत्रिम विरोध निर्माण होताच डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही तितकाच अधिक पीळ देते. एंजिनाच्या शक्तीचा काही अंश मात्र ब्रेकच्या उष्णतेत खर्ची पडतो. २०२१ मध्ये आलेल्या रिव्हियनच्या विद्युत्‌गाडीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असल्याने यांत्रिक डिफरन्शियलच नाहीसे झाले.

ह्या सर्व वाटचालीत एक मर्यादा कायम राहिली आहे. अवरोध, मर्यादित सरक, ब्रेक किंवा स्वतंत्र मोटर ह्यांपैकी कोणतेही साधन जमिनीची पकड निर्माण करीत नाही; असलेली पकड वाया जाऊ न देणे एवढेच ते करू शकते. चारही चाके निसरड्या शेवाळावर असतील, तर जखडलेले आणि न जखडलेले वाहन सारखेच हतबल होय. म्हणून ह्या यंत्रांचा क्रम केवळ प्रगतीची चढती पायरी म्हणून लावणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रत्येक रचनेसंबंधी आधी विचारावयाचा प्रश्न, ती कोणत्या जमिनीला गृहीत धरून घडविली गेली, हाच आहे. वाफेच्या एंजिनाच्या चालकाला त्याचे उत्तर ठाऊक होते. म्हणूनच तो सडकेवर येताच खुंटी काढून ठेवी, पण ती फेकून देत नसे.