लोहविद्युत् मृत्तिका सूक्ष्मनलिका

बाह्य विद्युत् क्षेत्र नसतानाही ज्यांत विद्युत् ध्रुवण टिकून राहते व विरुद्ध दिशेचे क्षेत्र लावून ते उलटविता येते, अशा पदार्थांपासून बनविलेल्या अतिसूक्ष्म नळ्या. ‘लोहविद्युत्’ हे नाव लोहचुंबकत्वाशी असलेल्या साम्यामुळे पडले. या पदार्थांत लोह असावेच लागते असे नाही.

इतिहास : जोझेफ व्हालासेक यांना १९२० मध्ये रोशेल लवणात हा गुणधर्म आढळला. मात्र हे लवण पाण्यात विरघळणारे असल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया व जपान येथे बेरियम टिटॅनेटाचे असामान्य विद्युत् गुणधर्म स्वतंत्रपणे उघडकीस आले. भाजलेल्या मृत्तिकेला हवा तो आकार देता येत असल्याने नळ्या बनविणे सुलभ झाले. बर्नार्ड जॅफी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये लेड झिर्कोनेट टिटॅनेटाचे प्रभावी दाबविद्युत् गुणधर्म दाखवून दिले. अशा नळीच्या बाहेरील विद्युत् अग्राचे चार उभे भाग केल्यास विद्युत् दाबाने ती वाकविता येते. या तत्त्वावर गेर्ट बिनिग व डी. पी. ई. स्मिथ यांनी १९८६ मध्ये टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची सुई तिन्ही दिशांना हलविणारी एकच नळी वर्णिली.

निर्मिती व मांडणी : इलेक्ट्रॉनीय मंडले लहान होत गेली, तशी नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) मापाच्या नळ्यांची गरज निर्माण झाली. सच्छिद्र ॲल्युमिना किंवा सिलिकॉन यांच्या छिद्रांत द्रवरूप पूर्वद्रव्य भरून ते भाजण्याची पद्धत २००२–०३ च्या सुमारास पुढे आली. मात्र साचा तीव्र रसायनांनी विरघळवताना नळ्यांना इजा पोहोचण्याचा संभव असे. शिवाय सुट्या झालेल्या नळ्या अस्ताव्यस्त पडत व मंडलात नेमक्या जागी बसविणे दुष्कर होई. त्यामुळे नळी बनविण्याइतकाच ती जागी ठेवण्याचा प्रश्नही महत्त्वाचा ठरला.

जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत याला उत्तर मिळाले. आधारपृष्ठावरील बहुवारिकाच्या थरात इलेक्ट्रॉन शलाकेने ठरलेल्या जागी छिद्रे पाडून त्यांत पूर्वद्रव्य भरतात. मऊ साचा तीव्र अम्लाविना काढता येतो व भाजल्यावर नळ्या जागच्या जागी उभ्या राहतात. संवेदक व ऊर्जासंकलक यांसाठी त्या उपयुक्त ठरू शकतात. तथापि इलेक्ट्रॉन शलाकेने एकेक छिद्र पाडणे वेळखाऊ आहे आणि शिशाच्या विषारीपणामुळे शिसेविरहित पदार्थांचा शोधही आवश्यक ठरतो.