बागामोयोची मुक्त बालके

ज्युबिली हा शब्द आपण उत्सवाच्या अर्थी वापरतो. परंतु त्याचे मूळ इस्राएल लोकांच्या मुक्तिवर्षात आहे. लेवीयाच्या पुस्तकातील नियमाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी दासाला मोकळे करावयाचे, आणि त्याने आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावयाचे, असे होते. बेडी तुटणे हा त्या आज्ञेचा अर्धा भाग; घर मिळणे हा उरलेला अर्धा. या दुहेरी आज्ञेची कसोटी पूर्व आफ्रिकेतील एका मिशनाच्या इतिहासात लागलेली दिसते. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी त्याचे स्मरण अप्रस्तुत होणार नाही.

गेल्या शतकाच्याही पूर्वीच्या शतकात झांझिबार बेटावर गुलामांचा मोठा बाजार भरत असे. आफ्रिकेच्या अंतर्भागात धरलेली माणसे साखळदंडाने बांधून समुद्रकिनारी आणीत आणि तेथून गलबतांत घालून बेटावर नेत. कोणी लवंगांच्या बागांत राबण्यास जाई, कोणी अरबस्तानाकडे. त्यांत आईबापांस कायमची अंतरलेली लहान मुलेही असत. १८६० साली रियुनियन बेटावरून आबे फावा हे धर्मगुरु काही भगिनींसह झांझिबारला उतरले. पुढे हे कार्य पवित्र आत्म्याच्या संघाच्या फादरांकडे आले. त्यांनी बाजारातून मुलांस पैसे मोजून सोडविले. या कार्याला द्रव्य पुरविणाऱ्यांत एक संस्था अशी होती की, तिचे सभासद स्वतः बालकेच होती. नान्सीचे बिशप फोर्बें-जान्सों यांनी १८४३ मध्ये ती स्थापिली. दूरदेशीच्या मुलांकरिता प्रत्येक कॅथोलिक मुलाने दररोज एक लहानशी प्रार्थना करावी व दरमहा एक लहानसे नाणे द्यावे, एवढाच तिचा नेम होता.

परंतु सोडविलेल्या मुलाचे पुढे काय करावयाचे? त्याचे गाव जळालेले, मार्ग अज्ञात. मोकळे सोडावे तर तो पुन्हा व्यापाऱ्याच्याच हाती सापडावयाचा. म्हणून १८६८ साली फादर ऑर्नेर व फादर बोर यांनी बेटासमोरच्या किनाऱ्यावर, बागामोयो येथे, वसाहत घातली. गुलामांचे तांडे ज्या बंदरातून समुद्रावर जात, त्याच बंदरात हे शरणस्थान उभे राहिले. मुलांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम व शेती शिकवीत. मुलींचे संगोपन भगिनी करीत. वयात आल्यावर तरुणतरुणींचा ख्रिस्ती विवाह लावून त्यांस झोपडी व जमिनीचा तुकडा देत आणि अशा कुटुंबांचे एक गाव वसवीत. विवाहाचा अधिकारच ज्यांना नव्हता, त्यांना चूल आणि अंगण लाभले. १८७२ च्या भयंकर चक्रीवादळाने ही वसाहत उद्ध्वस्त केली. फादरांनी ती पुन्हा उभारली.

१८७३ साली सर बार्टल फ्रिअर सुलतानाशी तह करण्याकरिता झांझिबारला आले. हे पूर्वी आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांनी बागामोयोची वसाहत पाहून तिची प्रशंसा केली. त्याच वर्षी झांझिबारचा बाजार बंद झाला. पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव त्यांच्या विश्वासू आफ्रिकी सोबत्यांनी सुमारे नऊ महिन्यांची वाट तुडवून बागामोयोस आणिले व ते या मिशनात ठेवण्यात आले. त्या सोबत्यांत जेकब वेनराइट हा तरुण होता. गुलामांच्या गलबतातून सुटलेला हा मुलगा नाशिकजवळील शरणपूर येथे प्रॉटेस्टंट बंधूंच्या आश्रमात वाढला होता. अंतर्भागात लिव्हिंग्स्टन यांचे हृदय पुरताना प्रार्थना वाचणारा हाच. गोदाकाठी आसरा मिळालेले एक अनाथ मूल अशा रीतीने बागामोयोच्या अनाथांच्या दारी आले.

इतिहास लिहिणाऱ्याने गुणाबरोबर उणेही सांगितले पाहिजे. पैसे देऊन मुले सोडविल्याने तितक्यांचे प्राण वाचले. पण विकणाऱ्याची थैलीही भरली, ही शंका खोटी नाही. शिवाय त्या गावात घंटेची शिस्त कडक होती आणि मिशनच्या शेतावर काम करणे बंधनकारक होते. काही तरुण तेथून निघून गेले. त्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याला एकदा विकले गेले आहे, त्याला दयाळू धन्याचीही आज्ञा जड वाटावी, यात नवल काय? घर दिले होते खरे; पण ते आपले वाटण्यास आपल्या इच्छेलाही तेथे थोडी जागा हवी असते.

हा धडा पुढील काळी वाया गेला नाही. एड्सच्या साथीने केनिया देशात असंख्य बालके पोरकी झाली, तेव्हा येशूसंघीय फादर अँजेलो डागोस्तिनो यांनी, जे स्वतः वैद्यही होते, १९९२ साली नैरोबीत न्युम्बानी नावाचा आश्रम काढिला. स्वाहिली भाषेत न्युम्बानी म्हणजे घरी. ज्यांना रोगाच्या भीतीने कोणी जवळ करीत नसे, अशी मुले प्रथम तेथे घेतली. पुढे किटुई प्रांतात त्यांनी एक गाव वसविण्याचे योजिले. ज्यांची कर्ती मुले साथीत गेली अशा वृद्ध आज्या, आणि ज्यांचे आईबाप गेले अशी बालके, यांना तेथे एकेका घरात एकत्र राहावयास दिले. येथे अनाथाला केवळ छप्पर नव्हे, तर आजी मिळाली. आणि निपुत्रिक झालेल्या आजीला नातवंडे मिळाली. फादर डागोस्तिनो २००६ साली प्रभूच्या घरी गेले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या देवळाच्या दानपेटीत पडणारे नाणे कोठवर जाते, हे आपल्याला दिसत नाही. फ्रान्सातील ज्या मुलाने दरमहा एक नाणे दिले, त्यालाही बागामोयोची ती झोपडी कधी दिसली नाही. तथापि दान देताना एक प्रश्न आपण मनाशी जरूर विचारावा: यामुळे मूल नुसते सुटते, की घरी पोहोचते? मुक्तिवर्षाची आज्ञा दुहेरी आहे. तिचा दुसरा अर्धा भाग पुरा करण्याची सद्बुद्धी परमेश्वर या महोत्सवाच्या वर्षी आपणा सर्वांस देवो.