अर्धवट गेमचे अपडेट टेस्टरपर्यंत कसे पोहोचतात?

कुठलाही गेम सगळ्यांसाठी येण्याआधी काही लोकांच्या फोनवर अर्धवट अवस्थेत चालत असतो. भिंतीतून आरपार जाणारा खेळाडू, आवाज नसलेला मेन्यू, मध्येच बंद पडणारी लेव्हल, हे सगळं सहन करणारे हे लोक म्हणजे बीटा टेस्टर. बहुतेक जण हे फुकट करतात. त्यांच्यापर्यंत दर आठवड्याला नवीन बिल्ड पोहोचवणं हे गेम बनवण्याइतकंच किचकट काम आहे, हे मला स्वतः चुका केल्यावर कळलं.

कॉलेजच्या दोन मित्रांसोबत मी विटीदांडूचा एक छोटा गेम बनवत होतो. टेस्टर होते चौदा, म्हणजे भाऊ, मित्र आणि मित्रांचे मित्र. सुरुवातीला आम्ही सरळ एपीके फाइल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचो. फाइल 180 एमबीची, आठवड्यातून दोन-तीनदा. रोजच्या दीड जीबीवर दिवस काढणाऱ्या पोरांकडून आपण काय मागतोय, याचा विचारच केला नव्हता. शिवाय कोणाकडे कुठलं व्हर्जन आहे हे कळायचं नाही. एकाने कळवलेला बग आम्ही दोन दिवस शोधला आणि मग लक्षात आलं की तो तीन आठवड्यांपूर्वीचं बिल्ड खेळतोय. तेव्हापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बिल्ड नंबर दिसतो.

खरा घोळ पुढे झाला. मी लॅपटॉप बदलला, नवीन एपीके पाठवली आणि सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज आला: अॅप इन्स्टॉल झालं नाही. कारण असं की अँड्रॉइडच्या प्रत्येक अॅपवर डिजिटल सही असते. अपडेटवर तीच सही नसेल तर फोन ते घेत नाही, नाहीतर कोणीही तुमच्या बँकेच्या अॅपचं खोटं अपडेट पाठवू शकेल. आम्ही डीबग की वापरत होतो आणि ती प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी तयार होते. उपाय एकच उरला, जुना गेम काढून नवीन टाकायचा. पण गेम काढला की फोनमधली सेव्ह फाइलही जाते. मावसभावाचा फोन आला, "दादा, माझ्या सगळ्या लेव्हल गेल्या ना!" पाच जण त्यानंतर परत आलेच नाहीत. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मग आम्ही गूगल प्लेकडे वळलो. तिथे टेस्टिंगचे तीन मार्ग आहेत. इंटर्नल टेस्टिंगमध्ये जास्तीत जास्त 100 जण असतात आणि बिल्ड सहसा काही मिनिटांत मिळतं. क्लोज्ड टेस्टिंगमध्ये तुम्ही निवडलेल्या ईमेलचे लोक येतात, ओपनमध्ये लिंक असलेला कोणीही. टेस्टरने लिंकवर जाऊन होकार दिला की पुढचे अपडेट नेहमीसारखे प्ले स्टोअरमधून येतात, तेही शक्यतो फक्त बदललेला भाग. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना तर हे टाळताच येत नाही. गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये असावे लागतात. सुरुवातीला हा आकडा 20 होता.

आयफोनवर हेच काम टेस्टफ्लाइट करतं. बाहेरचे 10,000 पर्यंत टेस्टर घेता येतात, पण प्रत्येक बिल्ड 90 दिवसांनी चालायचं थांबतं. मला हा नियम आवडतो, जुनं बिल्ड कोणाकडे पडून राहत नाही. कॉम्प्युटरवर स्टीममध्ये बीटा ब्रँच असतात. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन खेळाडू स्वतः ब्रँच निवडतो आणि नको असेल तर साध्या व्हर्जनवर परत येतो. स्टीम फाइलचे साधारण 1 एमबीचे तुकडे करतं आणि बदललेले तुकडेच पाठवतं. मात्र डेव्हलपरने सगळी चित्रं-आवाज एकाच दाबून बांधलेल्या मोठ्या फाइलमध्ये कोंबले असतील, तर एक चित्र बदललं तरी पूर्ण फाइल बदलल्यासारखी दिसू शकते. छोट्या दुरुस्तीसाठी काही जीबीचं अपडेट का येतं, त्याचं हे एक कारण.

सेव्ह फाइलचा प्रश्न मात्र कुठलंही स्टोअर सोडवत नाही. आम्ही नाण्यांची नोंद ठेवायची पद्धत बदलली तेव्हा जुन्या सेव्ह वाचताना गेम क्रॅश होऊ लागला. आता सेव्ह फाइलच्या सुरुवातीलाच तिचा व्हर्जन नंबर लिहितो. गेम उघडला की आधी तो बघतो, जुना असेल तर एकेक पायरीने नव्या रूपात आणतो, आणि मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवतो. माइनक्राफ्टच्या स्नॅपशॉटमध्येसुद्धा आपल्या वर्ल्डचा बॅकअप घ्या असं सांगतात, मग आमची काय कथा.

तुम्हाला टेस्टर व्हायचं असेल तर स्टोअरमधल्या अधिकृत लिंकवरूनच या. टेलिग्रामवर फिरणारी "बीटा एपीके" कोणी सही केली आहे, हे तुम्हाला कळणार नाही. बग कळवताना बिल्ड नंबर, फोनचं मॉडेल, अँड्रॉइड व्हर्जन आणि बग येण्याआधी नेमकं काय केलं, एवढं लिहा. शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. नुसतं "चालत नाही" वाचून आम्हाला काही करता येत नाही. प्ले स्टोअरवर टेस्टर म्हणून दिलेला अभिप्राय जाहीर दिसत नाही, फक्त डेव्हलपरकडे जातो, त्यामुळे मोकळेपणाने लिहा.

आणि बाहेर पडायचं असेल तर फक्त टेस्ट सोडून भागत नाही. अँड्रॉइड जुन्या नंबरचं व्हर्जन नव्यावर बसू देत नाही, म्हणून बीटा काढून सगळ्यांसाठी असलेला गेम पुन्हा इन्स्टॉल करावा लागतो. तसं करण्याआधी तुमची सेव्ह क्लाउडवर गेली आहे का, ते बघून घ्या.